खालच्या ओळीतलं गाणं

बाँग-छी मावशीच्या नावाचा अर्थ ‘आलीच आहे तर वाढवा’. मुलीवर मुलगी झाली की तैवानातल्या आमच्या कीलुंग बंदरात पूर्वी असंच नाव ठेवत. बापाने बारशालाच हात झटकले आणि पुढे नशिबानेही तेच केलं.

तरुणपणी तिने एकच रेकॉर्ड काढली, ‘धक्क्यावरचा दिवा’. त्याच वर्षी एका बड्या गायिकेचं त्याच नावाचं गाणं आलं आणि घरोघरी वाजू लागलं. चाल वेगळी, शब्द वेगळे, नाव तेवढं एक. लोक दुकानातून चुकून हिची रेकॉर्ड नेत आणि दुसऱ्या दिवशी कुरकुरत परत आणत. पुढे घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, खरखर तेवढी राहिली. घरातली रेकॉर्ड वादळाच्या पाण्यात गेली. आता तिचा आवाज होता तो फक्त लिमकाकांच्या कराओकेच्या दुकानात, जुन्या यंत्राच्या पोटात. तिथे नुसत्या संगीतावर गिऱ्हाइकंच गातात; मूळ आवाज बटण दाबलं तरच ऐकू येतो, आणि म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना आधार म्हणून काका ते दाबून ठेवत.

माझी माशांच्या गोळ्यांच्या सूपची गाडी त्या दुकानाच्या दारातच. तिथल्या वहीत गाणी नावातल्या अक्षरांच्या संख्येप्रमाणे लावलेली असतात, त्यामुळे दोन्ही ‘दिवे’ एकाखाली एक. वर बडीचं, खाली हिचं. म्हाताऱ्यांचे चष्मे घसरत आणि चिठ्ठीवर खालचा नंबर पडे. तेवढ्या आशेवर ही बाई रोज दुपारी दाराशी बसायची. सुरुवातीचं संगीत वाजलं की ताठ व्हायची. आवाज सुरू होणार, तोच कोणीतरी ओरडायचं, “काका, हे नव्हे, दुसरं.” की तोडलंच गाणं.

“मावशी, तूच टाक ना चिठ्ठी,” मी म्हणायचे.

“आणि गाऊ कशानं? तोंड मिटून पाळी अडवली तर लोक जोड्यानं मारतील.”

मग कळलं, नवं यंत्र येतंय. मी लिमकाकांना विचारलं, तर त्यात त्या नावाचं एकच गाणं. कोणतं ते विचारायची गरज नव्हती. तंत्रज्ञ जुनं यंत्र न्यायला आला त्या दुपारी मावशी रंग लावून आली. केसांना, ओठांनाही. माझा टेपरेकॉर्डर तिने मांडीवर घेतला होता.

“आज मारू देत जोड्यानं,” ती म्हणाली. “एकदा शेवटपर्यंत ऐकते आणि भरून घेते. मग मरायला मोकळी.”

तिने चिठ्ठी टाकली. शेवटचीच. मी टेप सुरू केली. आणि वाजलं ते बडीचं गाणं.

मी गाडी टाकून आत धावले. “काका, हे काय लावलंत?”

“चिठ्ठीवर खालचा नंबर होता गं. नेहमीसारखं कोणाचं तरी चुकलं असणार, म्हणून मीच वरचा दाबला.”

“तिचंच होतं ते. तिला तेच हवं होतं.”

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी हात बटणाकडे नेला. तोवर सगळं दुकान गाऊ लागलं होतं, टेबलं वाजत होती, जुन्या यंत्राला निरोप म्हणून म्हातारे उभे राहिले होते. माझ्यामागून आत आलेल्या मावशीने काकांचं मनगट धरलं.

“नको,” ती खरखरली. “चालू गाणं तोडू नये.”

मला तिचा इतका राग आला की रडूच आलं. जन्मभर जिचं तोडलं, तिने एकदा दुसऱ्याचं तोडलं असतं तर काय आभाळ कोसळणार होतं?

गाणं संपलं, टाळ्या पडल्या आणि तंत्रज्ञाने वायर उपटली. मी त्याच्या पाया पडायची बाकी राहिले. “दादा, एकच गाणं.”

“ताई, पुढची दोन दुकानं खोळंबलीत. मघाशी सांगायचं ना.”

यंत्र टेम्पोत चढलं. मावशी त्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेली, तिथून हात हलवावा तसा अर्धवट उचलला आणि खाली घेतला. टेप मला परत दिली, पुसून टाक म्हणाली.

अजून ती दुपारी दाराशी येऊन बसते. सवय. नव्या यंत्रावर ‘धक्क्यावरचा दिवा’ रोज कोणीतरी लावतं, आणि आता कोणाचंही चुकत नाही.