गमबुटाविषयी चौदा प्रश्न

न्यूझीलंडमध्ये टौरंगाला किवीफळांच्या एका पॅकहाउसमध्ये मी पाच वर्षं नोकरी केली. फळांची प्रतवारी करणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर सांभाळायचं, म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघायचं, एवढंच काम. अशा नोकरीत कुणाला दुखापत होईल असं वाटणार नाही. मला झाली. २०१४च्या हंगामाच्या शेवटच्या शुक्रवारी, गमबूट फेकताना.

गमबूट फेकणं हा तिकडे रीतसर खेळ आहे. हंगाम संपला की आमचा मॅनेजर पार्किंगमागच्या गवतावर बार्बेक्यू ठेवायचा आणि मग सगळ्यांनी एकेक बूट फेकायचा. दर वर्षी मी सॅलडच्या टेबलामागे उभी राहून वेळ मारून न्यायचे. त्या वर्षी त्याने मला तिथून बाहेर काढलं आणि हातात बूट दिला.

"गिव्ह इट हीप्स!" तो म्हणाला. म्हणजे सगळा जोर लाव.

मी लावला. माझ्या आधीचा माणूस स्वतःभोवती गिरकी घेऊन फेकत होता, म्हणून मीही घेतली. बूट सोडायचा क्षण मात्र चुकला. तो मागे गेला, मॅनेजरच्या टोपीवरून, आणि गोड पदार्थांच्या टेबलावर मधोमध ठेवलेल्या पाव्हलोव्हा नावाच्या क्रीमच्या केकमध्ये उभाच्या उभा रुतला. त्याच वेळी माझ्या उजव्या खांद्यात काहीतरी कट् झालं. पण आजूबाजूला इतका हशा चालला होता की मीही हसले. दुखतंय हे कळायला पाच मिनिटं लागली.

घरी आल्यावर मी एवढंच सांगितलं, की बूट फार लांब गेला. ते खरंच होतं. दिशा कुणी विचारली नाही.

घरी तेव्हा नवरा होता आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेले सासरे. सासऱ्यांनी त्याच संध्याकाळी त्यांच्या पर्वतीच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपला कळवून टाकलं, की सूनबाई परदेशात बूटफेकीत चमकली. मी थांबवायला हवं होतं. पण माझ्याविषयी इतक्या अभिमानाने ते आजवर बोलले नव्हते.

डॉक्टरांनी खांद्यातला स्नायू थोडा फाटल्याचं सांगितलं आणि तिकडच्या पद्धतीप्रमाणे त्यांनीच कामावरचा अपघात म्हणून भरपाईचा दावा दाखल केला. आमच्या कंपनीचे असे दावे तपासायला बाहेरची एक संस्था नेमलेली होती. आठवड्याभरात तिच्याकडून पत्र आलं. चौदा प्रश्न, लेखी उत्तरं द्यायची, मुदत दहा दिवस.

मी ते पंधरा मिनिटांत संपवलं असतं. पण पाकीट उघडलं तेव्हा सासरे समोर बसले होते.

सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. विधानसभेत आमदार जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं खात्यात बसून तयार करण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. न्यूझीलंडला आल्यापासून त्यांना करायला काही नव्हतं. रोज कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातून, दूध आणायचे आणि वाटेत दिसेल त्याला 'किया ओरा', म्हणजे तिथल्या माओरी भाषेत नमस्कार, म्हणायचे. ते पत्र हातात घेतल्यावर त्यांची पाठ ताठ झाली.

"चौदाच?" ते म्हणाले. "ठीक आहे. आधी मराठीत कच्चा मसुदा करू. आणि एक लक्षात ठेव. विचारलंय त्याच्यापेक्षा एक शब्द जास्त सांगायचा नाही."

जेवणाच्या टेबलाचं ऑफिस झालं. माझा हात झोळीत होता, म्हणून लिहायचे तेच.

चौथा प्रश्न होता: अपघाताच्या वेळी तुम्ही कामाचा भाग म्हणून ही कृती करत होता का? सासऱ्यांनी लिहिलं, 'वरिष्ठांनी सर्वांसमक्ष तोंडी आदेश दिल्याने, होय.' सहावा: कोणतं उपकरण वापरत होता? 'गमबूट, नग एक, डाव्या पायाचा.' सातवा: उपकरणात काही दोष होता का?

"होता का गं?"

"थोडा चिखल होता."

'सदर गमबूट चिखलयुक्त होता, तथापि पायात घालण्यास योग्य होता.'

आठवा: उपकरण वापरण्याचं प्रशिक्षण दिलं होतं का? 'नाही. केवळ "हीप्स" अशी सूचना प्राप्त झाली.'

नववा प्रश्न आला, तेव्हा मी चहा करायला उठले. कृतीचं वर्णन करा आणि परिणाम सांगा. ओट्यापाशी उभी राहून, पाठमोरीच, मी म्हटलं, "बूट फेकला. वीसेक पावलांवर पडला." त्यांनी तसंच लिहिलं. 'वीसेक' खोडून 'अंदाजे वीस' केलं.

अशा प्रकारचा अपघात पूर्वी झाला आहे का? 'प्रश्न उद्भवत नाही.' हे लिहिताना त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

रोजची कोणती कामं करता येत नाहीत, यावर नवराही चर्चेत आला. केस बांधता येत नाहीत, गाडी चालवता येत नाही, पोळ्या लाटता येत नाहीत. सासऱ्यांनी भर घातली, 'परिणामी घरातील तीन व्यक्तींना अर्जदाराच्या पतीने लाटलेल्या पोळ्या खाव्या लागत आहेत.'

"बाबा, हे कशाला?" नवरा म्हणाला.

"नुकसान नोंदवायला नको?"

मी सगळ्याचं इंग्रजी करून पाठवलं. सोबत एक साक्षीदाराचा जबाब हवा होता. तो आमच्या पॅकिंग लाइनच्या सुपरवायझर बाईंनी परस्पर पाठवला. बाई माओरी, कामात कडक, आणि त्या कधी खोटं बोलणार नाहीत हे सगळ्या पॅकहाउसला ठाऊक होतं. मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

दुसरं पत्र आलं ते सासऱ्यांनीच उघडलं आणि मोठ्याने वाचलं. 'प्रश्न नऊच्या उत्तरात तुम्ही बूट वीस पावलांवर पडल्याचं म्हटलं आहे. साक्षीदार म्हणतात, "तिने तो मागे फेकला. मॅनेजर सोडून आम्ही सगळे पुढे उभे होतो म्हणून वाचलो. पाव्हलोव्हा वाचला नाही." कृपया खुलासा करावा.'

त्यांनी चष्मा काढला.

"मागे गेला?"

"हो, बाबा."

"पूर्ण मागे?"

"पूर्ण."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सॉरी म्हणणार, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "पण वीस पावलं खरी ना?"

"वीस खरी."

"मग उत्तर खोटं नाही. अपुरं आहे." त्यांनी पेन उघडलं. 'दिशा वगळता हे खरे आहे,' असा खुलासा त्यांनी लिहिला. मग फोन घेतला आणि वॉकच्या ग्रुपला शुद्धिपत्रक पाठवलं. क्रीमच्या केकसकट सगळं. मी टेबलावर डोकं ठेवलं.

दहा मिनिटांत उत्तरं यायला लागली. बूट पुढे गेला होता, तेव्हा दोन अंगठे आले होते. आता माणसं ओळीने प्रश्न विचारत होती.

"विचारतायत, त्या केकचं पुढे काय केलं?"

"खाल्ला."

"बूट काढून?"

"बूट काढून. जिथे लागला नव्हता तिथून."

"तूही?"

"मीही."

"हे कळवत नाही," ते म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. दोन ओळींचा. दावा मंजूर, फिजिओथेरपी सुरू करावी. मी टाळ्या वाजवायला गेले आणि खांदा धरून खाली बसले. नवऱ्याने पेढ्यांऐवजी शिरा केला. सासरे मात्र कागद उलटसुलट करून बघत होते.

"पोळ्यांबद्दल काही नाही?"

"मंजूर झालंय ना, बाबा."

"ते झालंय गं. पण वाचलंय का कुणी?" ते पुण्याला परत जाईपर्यंत रोज टपालपेटी बघून येत होते.