बापूरावांच्या घरचा चहा

चार मास्तर एका जागी बसले की किस्से आपोआप साचतात, आणि आमचे तर निम्मे खाण्यापिण्याचेच. निजामाच्या राज्यात जालन्याकडच्या टेंभुर्णीच्या शाळेत आम्ही तिघं होतो. उर्दू शिकवणारे मौलवीसाब, गणिताचे बापूराव आणि मराठीचा मी. बापूरावांना तेव्हा एकच घोर होता, लेकीचं, यमुनेचं लग्न.

*

दुपारी तिघं तीन दिशांना तोंडं करून जेवायचो. बापूरावांच्या फडक्यात भाकरी असायची, पण वर एक गव्हाची पोळी. पोळी खातो तो बड्या घरचा, अशी गावाची समजूत. पोळी सगळ्यांना दिसेल अशी ठेवून बापूराव खालची भाकरी खायचे. एका गुरुवारी मौलवीसाबांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, उप्पर की पोळी सोमवार से वइच है क्या?"

*

चहा म्हणजे तर बिघडलेल्यांचं पेय. मी भोकरदनला हॉटेलात एकदाच प्यायलो, तर माझ्याआधी बातमी घरी पोचली. वडील रागावले नाहीत. त्यांनी आपली चिलीम पुढं केली.

"व्यसनच लावायचं तर हे लाव. ह्याला कुणी नाव तरी ठिवत न्हाई."

*

ईदेला मौलवीसाब आम्हा दोघांकडे शेवया, साखर, खारका असं कोरडं सामान धाडायचे. त्यांच्या घरी शिजलेलं आमच्यात चालत नसे. एका ईदेला त्यांनी विचारलंच, "शेवया चलती, शक्कर चलती. मंग बाटतं काय, हमारा पातेला?"

बापूराव नीट विचार करून म्हणाले, "बराबर. पातेलंच."

मौलवीसाब पोट धरून हसले. मीही हसलो, पण मला लाज वाटली.

*

यमुनेचं पहिलं स्थळ आलं तेव्हा बापूरावांनी हौसेनं चहा केला. पाहुणे तसेच उठले. चहा पिणाऱ्या घरातली सून त्यांना नको होती.

दुसरं स्थळ जालन्याचं. या वेळी खबरदारी म्हणून दूध दिलं. मुलाच्या आत्यानं पेल्यात डोकावून पाहिलं. "आम्ही काय आजारी हाव?" तेही स्थळ गेलं.

*

तिसरं स्थळही जालन्याचंच, आणि चांगलं होतं. मुलगा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. चहाच द्यायचा हे ठरलं, पण शहरच्या माणसांना तो पितळी वाटीत कसा द्यायचा? कपबश्या आमच्या ओळखीत एकाच घरी होत्या, मौलवीसाबांच्या. बापूराव स्वतः जाऊन टोपलीत झाकून घेऊन आले. वहिनींनी, म्हणजे यमुनेच्या आईनं, त्या राखेनं सात वेळा घासल्या.

मुलाचे वडील कडक, कपाळभर गंध. चहा संपवून त्यांनी बशी उलटीपालटी करून पाहिली आणि इतकी सुबक कुठून आणली म्हणून विचारलं. बापूरावांनी घाईनं पानाचं तबक पुढं केलं. त्यांच्या शेजारी बसलेला मी छताकडे बघू लागलो.

यमुना दारातच उभी होती. "आमच्या न्हाईत. मौलवीकाकांच्या घरून मागून आणल्यात."

आत वहिनींनी तोंडाला पदर लावला. मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. मुलाकडं पाहिलं, यमुनेकडं पाहिलं, आणि बशी तिच्याकडं सरकवली.

"बाटायचं ते बाटून झालं. आता अजून एक कप आण, पोरी. साखर जरा कमी घाल."