सहादू मेजर अमर झाले

सुप्याहून आत वळलं की लागणाऱ्या त्या गावात उन्हाळ्यात म्हैस धुवायची म्हटली तरी टँकरची वाट बघावी लागते. अशा गावचा सहादू नौदलात गेला, तेव्हा गावानं दोन महिने हसून घेतलं. पंधरा वर्षांनी तो पेन्शन घेऊन परत आला, तर गावानं त्याला मेजर करून टाकलं. नौदलात मेजर नसतो, हे सहादूनं पुष्कळ सांगून पाहिलं. पण गणवेश घातला की मेजर, हा गावचा कायदा. त्यापुढे ॲडमिरलचंही काही चाललं नसतं.

मेजरांनी आता पासष्टी ओलांडली. गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन आलेलं कुणी "लढाईतलं काही सांगा की" म्हणालं, की त्यांचं उत्तर ठरलेलं. "आरं, मी जहाजाच्या पोटात इंजिनाला तेल पाजत हुतो. समुद्र दिसायचा तो सुट्टीवर निघताना." खोट्या मर्दुमकीची त्यांना भारी चीड. तोफ डागणारा एक असतो आणि त्याला भाकरी, पाणी, तेल पुरवणारे पन्नास, पण गोष्टी सगळ्या त्या एकाच्याच होतात, असं त्यांचं म्हणणं. तरी पंधरा ऑगस्टला शाल-नारळ घ्यायला स्वारी कडक इस्त्रीत हजर. शालींनी कपाट भरलं होतं. त्यांची बायको रतनबाई म्हणायची, "पुढल्या साली एखादी गोधडी द्या म्हणावं त्यास्नी."

यंदा मात्र मेजरांना शालीचं अप्रूप नव्हतं. यंदा मच्छिंद्रचं नाव लागणार होतं. मच्छिंद्र त्यांचा गावचा जोडीदार. दोघं एकाच एसटीनं भरतीला गेले, नशिबानं एकाच जहाजावर लागले. एका वादळात डेकवर सुटलेला दोर बांधायला मच्छिंद्र वर गेला आणि लाटेबरोबर गेला तो गेलाच. देहसुद्धा मिळाला नाही. "लढाईत कुठं गेला, वादळात गेला," असं म्हणत गावानं त्याला इतकी वर्षं शहिदांच्या रांगेबाहेर ठेवलं होतं. अखेर ग्रामसभेत मेजर कडाडले, "दर्यानं मारलं काय अन् गोळीनं मारलं काय, माणूस देशाच्याच कामावर हुता न्हवं?" सरपंच ज्ञानेश्वरीताईंनी तिथंच ठरवून टाकलं की वेशीवरच्या फ्लेक्सवर मच्छिंद्रचा फोटो लागेल आणि त्याच्या आईला, रंगुबाईला, वीरमातेचा मान मिळेल. म्हातारी पंच्याऐंशीची. पुढच्या वर्षाचा भरवसा कुणी द्यावा? जे करायचं ते आत्ताच.

मच्छिंद्रचा गणवेशातला एकच फोटो उरला होता, दोघांनी मिळून काढलेला. तो मेजरांनी स्वतः सुप्याच्या फ्लेक्सवाल्याकडे नेला आणि मच्छिंद्रवर बोट ठेवून "हा" म्हणून सांगून आले.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी ते अंगणात बूट पुसत बसले होते, तोच दूधवाला रस्त्यावरूनच ओरडला, "मेजर, तुमी तर अमर झाले की!"

वेशीवर जाऊन बघतात तर खरंच. फ्लेक्सच्या खालच्या रांगेत, 'माजी सैनिक' या मथळ्याखाली, टकलावर टोपी घातलेले मेजर. आणि वर ढगांमध्ये, 'अमर रहे'च्या खाली, मिसरूड फुटलेले मेजर. नाव मच्छिंद्रचं.

त्यांनी तिथूनच फ्लेक्सवाल्याला फोन लावला. "आरं रविराज, बोट ठिवून दावला हुता ना तुला?"

"काका, तो लई पुसट हुता. म्हणून क्लिअर हुता तो टाकला. कसला भारी उठलाय बघा!"

"आरं, पण मी जिता हाय!"

"मग तर चांगलंच हाय की, काका."

नवा फ्लेक्स संध्याकाळशिवाय मिळत नव्हता आणि झेंडा तर आता तासाभरात चढणार होता. मागोमाग आलेल्या रतनबाईनं वर बघितलं आणि पदर तोंडाला लावला. "एवढे देखणे हुता व्हय तुमी?" तिला हसू आवरेना, पण मेजरांना रंगुबाई आठवली. म्हातारीनं मोठ्या आशेनं मान वर करावी आणि लेकाच्या जागी जिवंत परत आलेला दुसऱ्याचा लेक दिसावा? मेजरांनी एक गोष्ट रतनबाईलाही कधी सांगितली नव्हती. रंगुबाईसमोर उभं राहिलं की आपण जगल्याची त्यांना लाज वाटायची.

मग त्यांनी शक्कल लढवली. शिडी मागवली, पाहुण्यांसाठी आणलेले झेंडूचे दोन जाडजूड हार घेतले आणि फोटोवर असे घट्ट बांधले की कपाळाशिवाय काही दिसेना.

रंगुबाई आली ती नवं लुगडं नेसून, हातात निरांजनाचं ताट घेऊन. मागे अर्धा गाव. तिनं वर पाहिलं.

"सहादू, त्याचं तोंड का रं झाकलंय?"

"मावशे, वारं हाय. हार सरकला असंल."

"वारं हाय तर आता का हलंना? काढ."

मेजर शिडी चढले आणि हार सोडून शिडीवरच बाजूला झाले. म्हातारी बघत राहिली. मोतीबिंदू काढल्यापासून ती सुईत दोरा ओवायची. तिच्यापासून काय लपणार?

"मावशे, चूक झाली. ह्यो मी..."

"मला डोळं हाईत. खाली नाव कुनाचं हाय?"

"मच्छिंद्रचं."

"मोठ्यानं वाच. समद्यास्नी ऐकू दे."

मेजरांनी सगळा जीव एकवटून पूर्ण नाव वाचलं.

"झालं. माझ्या लेकाचं नाव गावानं ऐकलं. आता तू खाली ये."

ते खाली आले. रंगुबाईनं फ्लेक्सकडे पाठ केली आणि निरांजन मेजरांपुढे धरलं.

"दोघं गेल्ता आन् तू एकटाच आलास. गावातल्या समद्या बाया तुला ओवाळाय आल्या, मी तेवढं दार लावून घेतलं. ह्यो जिता का, म्हणून लई दिस राग धरला तुझ्यावर. तुझी काय चूक हुती रं, बाळा? बस खाली. माझा हात पोचत न्हाई."

मेजर इस्त्रीच्या विजारीसकट भर वेशीत मातीत बसले आणि म्हातारीचं ओवाळून होईपर्यंत सगळ्या गावादेखत हमसून हमसून रडले.