शेळीनं केलेली मोजणी

रोपं मोजायला आलेल्या साहेबांचा हात कोपरापर्यंत बोरीच्या काट्यांत अडकला होता आणि आत रोप आहे की नाही, हे त्यांना अजून कळलं नव्हतं.

सावली तालुक्यातल्या एका गावातली, ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. मी कृषी खात्यात फील्ड असिस्टंट म्हणून नवीनच लागलो होतो. माती वाहून जाऊ नये म्हणून धानाच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सुबाभूळ लावायची आणि सरकारनं अनुदान द्यायचं, अशी योजना होती. पहिला हप्ता लावताना. दुसरा वर्षभरानं, शंभरातली निम्मी रोपं जगलेली ‘प्रत्यक्ष पाहून’ मोजल्यावर.

कॉलेजात पत्रकं वाटायची सवय लागली, ती नोकरीतही सुटली नाही. मी गावात पत्रक वाटलं : ‘शेळी ही रोपाची वर्गशत्रू आहे. तिला रोप दिसताच कामा नये.’

धुऱ्यावर शंभर रोपं लावलेल्या सुमनबाईंनी ते शब्दशः पाळलं. शंभर रोपांभोवती बोरीच्या फांद्यांचे शंभर गच्च ढीग रचले. उन्हाळाभर डोक्यावरून पाणी आणून घातलं. दुसऱ्या हप्त्यातून त्यांना विहिरीला कठडा बांधायचा होता, कारण नात रांगायला लागली होती.

साहेबांनी हात सोडवला, त्यावर रुमाल बांधला आणि दिसत नाही ते मी लिहीत नाही, असं सांगून टाकलं.

“दिसत नव्हतं म्हनून तं जगलं, साहेब,” सुमनबाई म्हणाल्या. “दिसलं असतं तं तुमच्या आदी शेळीनंच मोजलं असतं.”

साहेबांनी पहिला ढीग उघडायला लावला. आत हिरवंगार रोप होतं. साहेब मान खाली घालून आकडा लिहितात तोवर मागून एक शेळी आली आणि रोप संपलं.

आता हा आकडा ठेवायचा की खोडायचा, यावर अर्धा तास गेला. तपासणीच्या वेळी रोप जिवंत हवं, असा नियम. साहेब म्हणत, आता ते नाही. मी म्हणत होतो, तपासणी आधी झाली, खाणं नंतर. शेवटी मी चिडलो.

“साहेब, शेळी वाळलेलं रोप खात नाही. तिनं खाल्लं, हाच पुरावा.”

साहेबांनी आकडा ठेवला. सुमनबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी त्याच शेळीच्या गळ्यात दोरी अडकवली.

“मंग इलेच मोजू द्या ना. तुमी काऊन हात फाडून राह्यले?”

आत हिरवं असलं की शेळी वासावरूनच ढिगात मान घुसवायची; ती रोपापर्यंत पोचायच्या आत सुमनबाई दोरी ओढायच्या. वाळलेलं असलं की पुढे चालायची. साहेबांनी खात्रीसाठी तीन ढीग उघडून पाहिले. तिन्ही वेळा शेळी बरोबर निघाली. मग त्यांनी उघडणं सोडलं. पुढे शेळी, दोरी धरून सुमनबाई, मागे आकडे लिहिणारे साहेब आणि शेवटी मी, वर्गशत्रूच्या मागे मुकाट्यानं. तिनं एकसष्ट रोपं पास केली आणि धुऱ्यावर बसली ती उठेचना. तेवढी पुरेशी होती.

फॉर्मवर साहेबांनी ‘प्रत्यक्ष तपासणी केली’ असं लिहिलं. ती कुणी केली, याला रकाना नव्हता. हप्ता आला, कठडा झाला.

पुढच्या वर्षी परिपत्रक आलं : मोजणीच्या सोयीसाठी कुंपणाची एक बाजू कायम उघडी ठेवावी. मी ते गावात वाचून दाखवलं. सुमनबाईंनी शांतपणे विचारलं, “हे शेळ्यायले बी कळवलं का?”

परिपत्रक काढणाऱ्या प्रत्येकाला एक आठवडा शेळ्या राखायला लावावं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. मी ते खात्याला लेखी कळवलं. उत्तर आलेलं नाही.