मामांच्या म्हशी आणि रस्त्याखालची मोरी

१२ ऑक्टोबर १९३४, सकाळी सव्वानऊ. पुण्याच्या प्रयोगशाळेत दुधातील स्निग्धांश मोजत असताना मामा गेल्याची तार हाती पडली, आणि दुःखाआधी मला संताप आला. छातीत कफ साठून ते गेले. तो कफ कुठून आला, हे मला कोणी सांगायला नको होते.

खालापूरजवळ माळावर त्यांचा साठ म्हशींचा गोठा होता. मोटारींचा नवा रस्ता माळाच्या मधोमध गेला. गोठा एका अंगाला राहिला, चराई दुसऱ्या. पलीकडे दुसरा गोठा बांधून निम्म्या म्हशी तिकडे ठेवाव्यात, अलीकडच्यांना दावणीलाच वैरण घालावी, असे मी सुचवले. मामांनी ऐकून घेतले आणि अर्जांमागून अर्ज करून रस्त्याखालून म्हशींना जायला मोरी मंजूर करवून घेतली. पावसाळ्यात तिच्यात कमरेइतके पाणी साचले. घरी परतणाऱ्या म्हशी आत शिरल्या... आणि बसल्या. एवढी सावली आणि एवढा चिखल त्यांना एके ठिकाणी कधी मिळाला नव्हता. संध्याकाळची धार लांबली, दुधाची गाडी चुकू लागली. मुंबईच्या एकमेव मोठ्या गिऱ्हाइकाने कळवले, दिवाळीपर्यंत सुधारणा नसेल तर व्यवहार बंद. म्हणजे गोठाही बंद.

गणपतीत मी खालापूरला गेले, तेव्हा मामा मोरीतल्या पाण्यात उभे राहून पुढच्या म्हशीला रेटत होते.

"मामा, बाहेर या. अंगात ताप आहे तुमच्या."

"ही उठली की बाकीच्या उठतात गं. हीच उठत नाय."

"म्हणून सांगते, दोन गोठे करा."

"एका दावणीची जनावरं हायेत ती. वाटणी कसली करतेस?"

"आणि गिऱ्हाईक गेलं तर?"

"तुझ्या कागदावरची म्हैस सांगितलं की उठते. हिला तेवढं शिकव."

रोज तोच प्रयोग, तोच निष्कर्ष, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पाणी. असल्या माणसाशी वाद तरी किती घालायचा...

तेराव्यानंतर मामींनी किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या. "कर आता तुझ्या मनासारखं." आठवड्याभरात पलीकडे गवती छपराचा गोठा उभा राहिला. सुरुवातीला म्हशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींना रेकत राहिल्या, पान्हा चोरत राहिल्या; मग शांत झाल्या. दूध गाडीवर वेळेत पोहोचू लागले. दिवाळी झाली, गिऱ्हाईक टिकले. माझे म्हणणे खरे ठरले, आणि ज्यांना ते सुनावायचे ते नेमके आधीच निघून गेले. याला काय म्हणावे?

दोन गोठ्यांच्या नोंदी वेगळ्या ठेवणे हेच शास्त्रशुद्ध. काल संध्याकाळी मात्र मी दोन्हींची बेरीज करून एकाच दावणीचे दूध म्हणून लिहिले: दोनशे एकेचाळीस शेर.