माळावरचा परीक्षक

शिक्षक पात्रता परीक्षा मी यंदा दुसऱ्यांदा देतोय. घरात कुणी ऐकून घेत नाही, म्हणून सिरसाळ्याच्या माळावर प्रश्नसंच घेऊन बसतो आणि व्याकरण मोठमोठ्यानं सोडवतो. तिथं एक मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून, माझ्याकडं पाठ करून उभा असतो. मेंढरं तो मोजत नाही. नुसती नजर फिरवून कोण कमी आहे ते सांगतो. मला आत्तापासूनच मास्तर म्हणतो, आणि मीही त्याला कधी अडवलेलं नाही.

काल एका वाक्याचा प्रयोग कर्तरी असल्याचं मी ठणकावून सांगितलं. तो पाठमोराच म्हणाला, “परवा तुमी दुसरंच म्हणलतं, मास्तर.”

“परवा चुकलं होतं.”

“मंग परवा बी कावून एवढ्याच जोरात म्हणलं?”