डिक्कीतली ढेप

वणीत राहून जमिनीले चिकटलेली स्पोर्ट्स कार घेणारा माणूस कसा असते, हे ज्याईले पाहाचं असन त्याईनं माह्या मामेभावाले पाहावं. दादा म्हणतो मी त्याले. वयानं मोठा हाये म्हणून, बाकी काही कारण नाई.

आमच्या इकडचे रस्ते म्हणजे कोळशाच्या टिप्परनं नांगरलेलं वावर. राजूरकडं तर बुलेटवाले पण उभं राहून चालवतात. तिथं ह्या राजानं पुण्याच्या कोण्या हौशी माणसाची वापरलेली, दोन दाराची, पिवळीधम्मक गाडी उचलून आणली. मागं सीट हाये म्हणे. तिथं शाळेचं दप्तर बसन, तेही वह्या काढून. अन् उतराचं म्हणजे विहिरीतून वर याचं, कोणीतरी हात द्या लागते. गाडी हाणाची हौस लय, पण चौथा गिअर टाकाले रस्ताच नाई. मंग ती चौकात पानठेल्यासमोर उभी राहे, अन् पोट्टे तिच्यासमोर फोटो काढत.

त्याच साली दादाचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. पोरगी बोरी अरबची. आता साक्षगंधानंतर बस्ता असते. म्हणजे दोन्हीकडच्याईनं यवतमाळले जाऊन लग्नाचे कपडे घ्याचे. दादाले वाटलं, पोरीले आपल्या गाडीतच न्यावं. पोरगी लग्नाआधी एकटी येत नसते, सोबत तिची आत्या येणार होती. तिथं घोडं अडलं.

पोरीनं फोनवर साफ सांगितलं. दादा फोन स्पीकरवर ठेवे, कारण त्याचे उत्तरं मी सुचवत होतो.

"आत्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं हाये," ती म्हणे. "एसटीच्या मागच्या सीटवर बसली तर आठ दिवस झोपून राहते. आई गेल्यावर तिनंच मले वाढवलं. तिले तुमच्या गाडीत त्रास झाला, तर लग्नाचं मी काही सांगू शकत नाई."

मी दादाले खुणेनं सांगितलं, 'जीप आणतो' म्हण. तो म्हणे, "गाडीच मऊ करतो."

"मंग साधं काही टाका. दिसाले नसलं चांगलं तरी चालन."

"हो हो," दादा म्हणे. मान डोलवून म्हणे. फोनवर मान दिसत नाई, हे त्याले कोण सांगन!

आम्ही नागपूरले गेलो. दुकान एवढं चकचकीत की ग्रीसचा वासच नाई. दुकानदार दुकानातही काळा चष्मा लावून. त्यानं काउंटरवर दोन जोड्या ठेवल्या. एक कंपनीचे साधे शॉकअप, काळे, उंच स्प्रिंगचे, पावसाळी छत्रीच्या दांड्यासारखे. दुसरे बाहेर देशातले, बुटके, स्प्रिंगा सोनेरी, अन् वर एक नॉब.

"कम्फर्ट कशात जास्त हाये?" दादानं इचारलं. प्रश्न बरोबर होता. त्याच्या जिंदगीतला तेवढाच.

"भाई, कम्फर्ट दिमाग में होता है," चष्मा म्हणे. "ये नॉब देखो. आंटी को बिठाना है? सॉफ्ट. हाईवे पे खींचना है? हार्ड. मक्खन चलेगी, भाई."

"अन् खड्डा आला तर?" मी मधातच बोललो.

"खड्डा देख के चलाओ, भाई."

मी म्हटलं, दादा, काळे घे. पोरीनं काय म्हटलं होतं? दादानं सोनेरी स्प्रिंगवर बोट फिरवलं, जसं कोणी लहान लेकराच्या गालावरून फिरवते. "चाकाच्या फटीतून दिसन न बे," म्हणे.

ऐकलं? शॉकअप आत्याच्या मणक्यासाठी, अन् निवडले चाकाच्या फटीतून दिसाले! त्या साली कापसाले भाव नव्हता, जिल्ह्यात लोकाईच्या तोंडावरची माशी उठत नव्हती, अन् आमच्या घरात स्प्रिंगच्या रंगावर चर्चा चालू होती. येताना मी वणीपर्यंत चष्म्याची नक्कल करत आलो. "लग्न दिमाग में होता है, भाई." दादा हसला नाई.

नॉब एकदम सॉफ्टवर ठेवला. नागपूरच्या सिमेंट रोडवर गाडी मक्खन. वरोऱ्यापासून जशी सुटली, तशी उड्या मारू लागली. खड्डा मागं गेला तरी गाडी वरखाली, वरखाली, जशी कोणाची तरी गोष्ट ऐकून हो हो म्हणून राह्यली. गाडीनं हा गुण मालकापासूनच उचलला असन.

घरी मामा. मामाचे टिप्पर चालतात. त्याले वाहनाबद्दल दोनच गोष्टी माहीत हायेत: भरलेला टिप्पर अन् खाली टिप्पर. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारला, बोनेट दाबून सोडलं, गाडी डुलली. मामानं पोट पुढं काढून निकाल दिला.

"खाली हाये म्हणून उसळते. भरली गाडी बसते. वजन टाक."

"बाबा, हे स्पोर्ट्स कार हाये," दादा म्हणे.

"चाकं हायेत न? मंग टिप्परच झाला."

वजन काय टाकाचं, यावर घरात बैठक झाली. कोळसा खडखड करते. रेती गळते. मंग मामाच्या म्हशीसाठी आणलेली ढेप निघाली. सरकीचं तेल काढल्यावर उरते ती ढेप, जनावराले घालतात. ढेपेचे दोन पोते डिक्कीत कोंबले. मामा स्वतः पुढं बसला अन् टेस्टिंग झाली. कुठं? घरासमोरच्या सिमेंट रोडवर, जो मामाच्या गेटपासून सुरू होते अन् मामाच्या पंपावर संपते. गाडीचं डुलणं खरंच कमी झालं. मामानं माह्याकडं असं पाहिलं, जशी स्प्रिंग त्याच्या आजानंच शोधली. "शिक काही," म्हणे.

बस्त्याच्या दिवशी आम्ही बोरी अरबले पोचलो. आत्याच्या बैठकीच्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस भरला होता. भाव येईन म्हणून थांबले होते. खुर्ची टाकाले जागा नव्हती, म्हणून आम्हाले कापसावरच बसवलं. मी कमरेपर्यंत आत गेलो. चहा पिताना वाटलं, दादा, गाडीत हेच भरलं असतं तर पुरलं असतं.

आत्या बाहेर आली. वाळकी, ताठ, कमरेले पट्टा बांधलेला. गाडीकडं पाहून म्हणे, "जवाई, हे उभी हाये का बसली हाये?"

"भारी बसते आता, आत्या," दादा म्हणे.

आत्या पुढं बसली. मागं मी अन् पोरगी, दोघाईचे गुडघे कानापाशी. म्हणजे चार माणसं, दोन पोते ढेप, अन् ते बुटके शॉकअप. बुटक्याले खाली जाले जागाच किती असते? ते तर आधीच पूर्ण बसून गेलते. सोनेरी रंग मात्र चाकाच्या फटीतून दिसत नव्हता, कारण फटच राह्यली नव्हती.

गावाबाहेरच्या गतिरोधकावर पहिला दणका बसला. आत्यानं दाराची मूठ पकडली. पोरीनं आरशातून दादाकडं पाहिलं. दादा म्हणे, "एवढा एकच होता."

दुसरा आला. तिसरा आला. दर वेळी दणका टायरपासून सरळ मणक्यात, मधात कोणी नाईच. मंग एक रपटा, म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, लागला. खालून असा आवाज आला, जसा कोणी टिनाचं कपाट जिन्यावरून लोटलं.

"थांबवा," आत्या म्हणे.

तिले बाहेर निघाले मी अन् पोरगी दोघं लागलो. ती रपट्याच्या कठड्याले टेकून, डोळे मिटून उभी राह्यली. मंग हळूच म्हणे, "मांगं काय भरलं?"

दादानं डिक्की उघडली.

"हे काय?"

"ढेप, आत्या."

"ढेप कायले?"

"गाडी बसाले."

आत्यानं डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं. तसं पाहणं मले अजून जमत नाई. आमच्या हेडमास्तरपासून तहसीलदारापर्यंत सगळ्याईच्या नकला करतो मी, पण ते पाहणं नाई जमत.

"तुमच्याचसाठी केलं हो," दादा म्हणे.

"माह्यासाठी?" आत्या म्हणे. "ह्याच्यापरीस बैलगाडीत कापसावर गेली असती न मी."

पोरीनं विचारलं, "मी साधे टाका म्हटलं होतं. टाकले?"

दादा माह्याकडं पाहे, उत्तर सुचवीन म्हणून. मी आभाळाकडं पाहिलं.

"दिसाले चांगले म्हणून घेतले," शेवटी तोच बोलला. खरं बोलला, बाकी त्याच्यापाशी काही उरलंच नव्हतं.

"मंग ते काढा," पोरगी म्हणे. "साधे टाकून या. आत्या त्याच गाडीत, त्याच रस्त्यानं यवतमाळले जाईन. नीट पोचली तर बस्ता. नाई तर साक्षगंधाची साडी वापस पाठवते."

मागून सवारीची काळीपिवळी जीप आली. आत्याले पुढच्या सीटवर बसवून दोघी गावाकडं वापस गेल्या. त्याआधी आत्यानं दोन्ही पोते त्याच जीपच्या टपावर चढवाले लावले. "आमच्या म्हशीले होईन," म्हणे.

घरी मामानं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ दाढी खाजवली. अन् म्हणे, "ढेप कमी पडली."

दादानं पहिल्यांदा बापाचं ऐकलं नाई. नागपूरले एकटाच गेला अन् ते काळे, छत्रीच्या दांड्यासारखे शॉकअप टाकून आला. गाडी एवढी उंच झाली की चौकातले पोट्टे म्हणे, "भाऊ, बेडूक घोड्यावर बसवला का बे?" फोटो काढणं बंद झालं. दादानं मान खाली घातली अन् डिक्की झाडली.

दुसऱ्या बस्त्याले मी मागं बसलो, तेच गुडघे कानापाशी. गतिरोधक आला, गाडी हळूच चढली, हळूच उतरली. रपटा आला. दादाचे हात स्टिअरिंगवर पांढरे पडले होते. मीटरवर केवढे मोठे आकडे होते, अन् काटा वीसवर. मागून एक टिप्पर हॉर्न मारून राह्यला होता. सायकलवालाही जवळपास बरोबरीनं चालला होता.

यवतमाळ यायच्या आधी पुढून आवाज आला. दादा दचकला, वाटलं खालून काही घासलं. पोरगी पुढं वाकली, अन् पहिल्यांदा हसली.

आत्या घोरत होती. तोंड उघडं, मान खिडकीले टेकलेली.

दादानं लावलेलं गाणं बंद केलं. दुकानासमोर गाडी उभी करून आम्ही तिघंही तसेच बसून राह्यलो, तिची झोप होईपर्यंत. ते घोरणं मी लग्नात माइकवर करून दाखवलं. सगळ्यात मोठ्यानं आत्याच हसली.